पायाची बायपास केली तर पाय वाचेल का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील ६२ वर्षांचे, कोरडवाहू शेती, पंधरा वर्षांपासून शुगर, बिडी तरुणपणापासून. दीड महिन्यापूर्वी वावरात पऱ्हाटीचं खुंट उजव्या पायाला लागलं. जखम भरली नाही, आता अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं आहे. रात्री आडवं होता येत नाही; बाजेवर बसून पाय खाली सोडला तरच थोडा डोळा लागतो. सीटी अँजिओग्राफीत मांडीतली मोठी धमनी पूर्ण बंद निघाली, गुडघ्याखाली मात्र एक धमनी घोट्यापर्यंत चालू आहे. डॉक्टरांनी जांघेपासून गुडघ्याखालपर्यंत बायपास सांगितली, म्हणजे बंद भागाला वळसा घालून रक्तासाठी नवी नळी जोडायची. गावातल्या एकाची अशीच बायपास वर्षभरात बंद पडली आणि शेवटी पाय गेलाच, म्हणून नातेवाईक म्हणतात की सरळ कापून मोकळे व्हा. मुलाला हवं आहे ते असं: यश किती, टिकते किती, बलूनने (आतून फुगा फुगवून धमनी रुंद करणं) भागणार नाही का, आणि पेरणी आटोपल्यावर केली तर चालेल का.

मी रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे. काम नागपुरात, पण पेशंट बहुतेक बाहेरगावचे: यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर, गडचिरोली. आधी मत सांगतो, मग कारणं. या वर्णनावरून मी बायपासच्या बाजूने आहे. त्याला दोन अटी आहेत. नळी म्हणून वापरायला वडिलांची स्वतःची चांगली शीर मिळाली पाहिजे आणि हृदयाला ऑपरेशन झेपलं पाहिजे. पेरणीपर्यंत थांबायच्या मात्र मी पूर्ण विरोधात आहे.

बायपासचं यश विचारताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच प्रश्नात विचारतात. जोडलेली नळी चालू राहील का? पाय राहील का? आणि माणूस पुन्हा चालता-फिरता होईल का? या तिन्हींची उत्तरं सारखी नसतात. गावात जी बायपास 'फेल गेली' म्हणतात, तिच्यातही कधी कधी पाय वाचलेला असतो. याचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं.

काळा पडलेला, जखम असलेला पाय आणि साधा, जखम नसलेला पाय यांची रक्ताची गरज फार वेगळी असते. कातडी शाबूत असेल तर पाय थोड्या रक्तावरही तग धरतो. जखम भरायला मात्र त्याच्या कितीतरी पट रक्त लागतं, आणि ते काही महिने सतत लागतं. बायपास मुख्यतः या काळासाठी असते. समजा, ऑपरेशननंतर चार-सहा महिन्यांत बोटाची जखम पूर्ण भरली आणि दोन वर्षांनी ग्राफ्ट, म्हणजे जोडलेली नळी, बंद पडला. तोपर्यंत कातडी सलग झालेली असते, आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी थोडं काम उचललेलं असतं, त्यामुळे पुष्कळांचा पाय तरीही टिकतो. चालताना पोटरी दुखेल, पण पाय राहतो.

आता आकडे. २००६ साली अमेरिका आणि कॅनडातल्या ८३ रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १,४०४ पेशंट होते, सगळ्यांचा पाय जाण्याच्या बेतात आलेला आणि सगळ्यांची बायपास स्वतःच्या शिरेची. म्हणजे तुमच्या वडिलांसारखेच. पहिल्या ३० दिवसांत २.७ टक्के दगावले, ४.७ टक्क्यांना हार्ट अटॅक आला, ५.२ टक्क्यांचा ग्राफ्ट बंद पडला. वर्षअखेरीस, पुन्हा काहीही न करावं लागता ग्राफ्ट चालू असलेले सुमारे ६१ टक्के. मधे बलून किंवा छोटी दुरुस्ती करून चालू ठेवलेले धरले तर ८० टक्के. आणि पाय वाचलेले ८८ टक्के. ६१ आणि ८८ यांच्यामधलं अंतर बघा. ते अंतर जखम भरल्यामुळे आणि वेळेवर केलेल्या दुरुस्तीमुळे पडलेलं आहे.

पाच वर्षांचा हिशोब केला तर चांगल्या शिरेची गुडघ्याखालची बायपास दहातल्या सहा-सात जणांची चालू असते आणि पाय दहातल्या साधारण आठ जणांचा शाबूत असतो. कृत्रिम नळी, म्हणजे पीटीएफईचा ग्राफ्ट, गुडघ्याच्या वरच संपत असेल तर पाच वर्षांनी निम्म्यांच्या आसपास चालू सापडतो. तोच गुडघ्याखाली नेला तर दहातल्या तीन-चारांचाच टिकतो. पोटातल्या महाधमनीपासून दोन्ही जांघांपर्यंत जी मोठी बायपास करतात, ती सगळ्यांत टिकाऊ: पाच वर्षांनी ८५ ते ९० टक्के चालू. वाहिनी जितकी रुंद आणि प्रवाह जितका जोराचा, तितका ग्राफ्ट टिकतो.

म्हणून शिरेचा आग्रह. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून जांघेपर्यंत कातडीखालून एक लांब शीर जाते. १९४८ साली पॅरिसमध्ये जाँ क्युनलाँ यांनी हीच शीर वापरून मांडीच्या बंद धमनीला पहिल्यांदा वळसा घातला. इतक्या वर्षांत अनेक कृत्रिम नळ्या आल्या, पण गुडघ्याखाली या शिरेची बरोबरी एकीनेही केलेली नाही. ऑपरेशनआधी डॉप्लरने (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) तिची जाडी मोजतात. ३ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, सलग, कुठे गुठळी नसलेली शीर हवी. उजव्या पायाची खराब असेल तर डाव्या पायाची चालते, तीही नसेल तर हाताची. सर्जनला स्पष्ट विचारा: "शीर मोजली का? किती मिलिमीटर आहे? नाही पुरली तर काय वापरणार?" हा प्रश्न विचारल्याचं कोणत्याही चांगल्या सर्जनला वाईट वाटणार नाही.

दुसरी तितकीच मोलाची गोष्ट म्हणजे खाली रक्त उतरायला वाट किती आहे. चारी कितीही चांगली खोदली तरी पुढे वावरात पाणी पसरायला जागा नसेल तर ते चारीतच तुंबतं. ग्राफ्टचंही तसंच आहे. तुमच्या वडिलांची एक धमनी घोट्यापर्यंत चालू आहे. गुडघ्याखाली अशा मुख्य धमन्या तीन असतात. शुगरच्या पेशंटमध्ये तीनही बंद असणं काही नवीन नाही, त्यामुळे एक सलग धमनी मिळणं ही या रिपोर्टमधली सगळ्यांत चांगली ओळ आहे.

आता गावातल्या त्या माणसाबद्दल. त्याच्या घरी जाऊन तीन गोष्टी विचारा. ऑपरेशनच्या वेळी वय काय होतं? स्वतःची शीर घातली होती की कृत्रिम नळी? आणि बिडी सुटली होती का? वय तिशी-चाळिशीचं, शुगर नाही, बिडी जबर, आधी बोटं गेलेली, असं निघालं तर तो बहुधा बर्जरचा आजार. लिओ बर्जर यांनी १९०८ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. यात गुडघ्याखालच्या आणि पंज्यातल्या बारीक वाहिन्याच सुजून बंद होतात, त्यामुळे ग्राफ्ट जोडायलाच धड जागा मिळत नाही. भंडारा-गोंदियाकडे तेंदूपानाची बिडी घरोघरी वळली जाते, ओढलीही जाते, आणि तिकडचे असे तरुण पेशंट आम्ही सतत बघतो. त्यांच्यासाठी ऑपरेशनपेक्षा तंबाखू पूर्ण सोडणं हाच मुख्य इलाज आहे. जे खरोखर सोडतात त्यांचा पाय बहुतेक वाचतो. जे ओढत राहतात त्यांचे एकेक बोट करत पाय जातात. त्या माणसाचा निकाल तुमच्या वडिलांना लावू नका. आजार वेगळा असू शकतो.

बिडीबद्दल वडिलांशी मात्र आजच बोला. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा बायपासनंतर धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांचा ग्राफ्ट बंद पडण्याचा धोका सुमारे तिप्पट निघाला. त्याच विश्लेषणात दिलासाही आहे: ऑपरेशनच्या सुमारास सोडलेल्यांचे ग्राफ्ट जवळपास न ओढणाऱ्यांइतकेच टिकले. चाळीस वर्षं ओढली, आता सोडून काय फायदा, असं ते म्हणतील. फायदा इथे आहे. आणि बिडी सोडून खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) धरला तर तंबाखू सुटली असं होत नाही. आपल्याकडे बिडीचा खर्रा फार सहज होतो, आणि घरचे "निदान धूर तर गेला" म्हणून समाधान मानतात. निकोटीन तेच, वाहिन्या आकसणं तेच. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या मुक्तिपथ अभियानाने गावोगाव खर्ऱ्याविरुद्ध काम केलं आहे, त्यामुळे तिकडच्या घरांत हा विषय काढणं थोडं सोपं झालं आहे. तुमच्याकडे तो तुम्हालाच काढावा लागेल. तुम्ही स्वतः खात असाल तर वडिलांसोबत सोडा. मुलाच्या खिशातली पुडी बघून बापाने बिडी सोडल्याचं मी क्वचित पाहिलं आहे.

बलूनचं विचारलंत ते अगदी रास्त आहे, कारण सर्जनांमध्येही यावर बराच वाद झाला आहे. २०२२ साली १,८३० पेशंटचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. त्यात चांगली शीर असलेल्यांचा वेगळा गट होता. या गटात बायपास केलेल्यांपैकी ४२.६ टक्क्यांच्या बाबतीत, आणि बलून-स्टेंट (स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी) केलेल्यांपैकी ५७.४ टक्क्यांच्या बाबतीत वाईट निकाल आला. म्हणजे मृत्यू, घोट्यावरून पाय कापणं किंवा पायावर पुन्हा मोठी प्रक्रिया. चांगली शीर नसलेल्या गटात दोन्हींत म्हणण्याजोगा फरक राहिला नाही. लगेच २०२३ साली मुख्यतः ब्रिटनमधला ३४५ पेशंटचा अभ्यास आला, आणि त्यात उलट दिसलं: गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांच्या आजारात आधी बलून केलेले जास्त काळ पाय शाबूत ठेवून जगले.

वाचताना गोंधळ होतो, पण दोन्ही अभ्यासांतले पेशंट सारखे नव्हते. माझं वाचन आणि अनुभव मिळून मी असं ठरवतो. मांडीची धमनी लांबवर पूर्ण बंद, शीर चांगली, हृदय ठीक, आयुष्य दोन वर्षांहून जास्त अपेक्षित, तर बायपास. आजार मुख्यतः पोटरीतल्या बारीक धमन्यांत, किंवा पेशंट फार थकलेला, किंवा शीरच नाही, तर बलून. तुमच्या वडिलांचं चित्र पहिल्या बाजूला झुकतं. आणखी एक गोष्ट मी मनात धरतो, ती त्या अभ्यासांत नाही. बलून पुन्हा पुन्हा करावा लागू शकतो. नागपूर तुमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. दर चार-सहा महिन्यांनी एक माणूस सोबत घेऊन यायचं, मजुरी बुडवायची, हे किती वेळा होईल? ज्या घरातून तिसऱ्या वेळी कोणी येणार नाही, त्या घरासाठी एकदाच नीट केलेली, टिकाऊ गोष्ट मला बरी वाटते.

'सरळ कापून टाका' हा सल्लाही मी झटकून टाकत नाही, कारण काही पेशंटसाठी तोच बरोबर असतो. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेला, गुडघा वाकून आखडलेला माणूस. टाचेसकट अर्धा पंजा सडलेला पाय. विष अंगभर पसरत चाललेलं. किंवा खाली जोडायला एकही धमनी नाही. अशा वेळी बायपासचा हट्ट म्हणजे पेशंटचे हाल. तुमचे वडील दीड महिन्यापूर्वीपर्यंत वावरात काम करत होते आणि नुकसान दोन बोटांचं आहे. ते या यादीत बसत नाहीत. मांडीतून पाय कापलेल्या साठीच्या माणसाला कृत्रिम पाय लावून चालायला नेहमीपेक्षा दीडपटीहून जास्त ताकद लागते. अशक्त हृदयाचे बरेच जण तो पाय खुंटीला टांगून ठेवतात आणि बाजेवरच राहतात. पुढे कधी कापावं लागलंच तर गुडघा वाचवायचा प्रयत्न व्हावा, एवढं डॉक्टरांना जरूर म्हणा. गुडघा असेल तर जयपूर फूट लावून माणूस वावरापर्यंत जातो.

एक चूक मात्र आपल्या भागात नेहमी घडते, ती तुमच्याकडून होऊ देऊ नका. बोट काळं पडलं की जवळच्या दवाखान्यात ते कापून टाकतात. खाली रक्तच पोचत नसेल तर कापल्याची जखमही भरत नाही. मग शेजारचं बोट, मग अर्धा पंजा. पू झाला असेल तर तो लगेच काढलाच पाहिजे, त्यात थांबायचं नाही. पण कोरडं, काळं, पू नसलेलं बोट तसंच झाकून ठेवावं, आधी रक्तपुरवठा सुरू करावा आणि मग मेलेला भाग काढावा. बायपासनंतर वडिलांची ती दोन बोटं काढावीच लागतील. ती परत जिवंत होणार नाहीत. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाही तर 'बायपास करूनही बोटं कापली' असं गावभर होतं.

इतर वाचकांसाठी थोडं. विदर्भात पायाच्या प्रत्येक जखमेमागे बंद धमनी नसते. घोट्याजवळची वर्षानुवर्षांची जखम सिकलसेलची असू शकते, तळव्याची न दुखणारी भोकाची जखम कुष्ठरोगाची किंवा शुगरने बधिर झालेल्या पायाची, आणि नागपूर-वर्धा-चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा पट्ट्यात हत्तीपाय आहेच. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का, हे बघायला एक मिनिट पुरतं. नाडी लागत नसेल तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघतात. हे प्रमाण ०.९ च्या खाली म्हणजे धमनीचा आजार, ०.४ च्या खाली म्हणजे पाय धोक्यात. शुगरवाल्यांच्या धमन्या चुन्यासारख्या कडक झाल्या असतील तर हा आकडा खोटा चांगला येतो. तेव्हा अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. आणि फक्त चालताना पोटरी दुखत असेल, जखम नाही, रात्री दुखत नाही, तर बायपासची घाई करू नका. तंबाखू बंद, गोळ्या आणि आठवड्यातून किमान तीनदा अर्धा-पाऊण तास चालणं, दुखलं की थांबायचं, थांबलं की पुन्हा चालायचं, असे तीन महिने केले तर बहुतेकांचं अंतर वाढतं. अशा पेशंटपैकी फार थोड्यांचा पाय पुढे जातो.

ऑपरेशनच्या आधी हृदयासाठी ईसीजी आणि टूडी इको, किडनीसाठी क्रिएटिनिन हे होईलच. या ऑपरेशनात जीव जातो तो बहुधा हृदयामुळे. पायाची धमनी तुंबलेली असते तिथे हृदयाची आणि मेंदूचीही थोडीफार तुंबलेली असते. हे स्पष्टच बोलायला हवं: पाय जाण्याच्या टप्प्यावर आलेल्या पेशंटपैकी जवळपास निम्मे पाच वर्षांच्या आत दगावतात, आणि त्यांतले बहुतेक हृदयाने. म्हणून डिस्चार्जच्या कागदावरची अॅस्पिरिन आणि स्टॅटिन या दोन गोळ्या ग्राफ्टइतक्याच महत्त्वाच्या आहेत, आणि त्या आयुष्यभर घ्यायच्या. 'पाय बरा झाला, आता गोळ्या कशाला' म्हणून सहा महिन्यांत बंद केलेल्या गोळ्यांनी आमचे किती पेशंट नेले. काहींना त्यासोबत रिव्हारोक्साबान या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा छोटा डोस देतात. २०२० साली आलेल्या मोठ्या अभ्यासात त्याने पाय अचानक बंद पडण्याचे प्रसंग कमी झाले, रक्तस्राव मात्र थोडा वाढला. ती कोणाला द्यायची हे ऑपरेशन करणाऱ्यावर सोडा.

घरी आल्यावर काय दिसेल ते आधीच माहीत असू द्या. पाय सुजेल, चांगला सुजेल, आणि दोन-तीन महिने राहील. इतके दिवस उपाशी असलेल्या पायात एकदम रक्त आलं की असं होतं, शिवाय कापताना लसीकेच्या बारीक वाहिन्या तुटतात. बसताना पाय उंचावर ठेवायचा. पोटरीच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहील, तो काहींचा कायमचा असतो. जांघेची जखम ओलसर राहते, तिथे पू होण्याचं प्रमाण बरंच आहे. रोज कोरडी, स्वच्छ ठेवा. पहिले काही आठवडे उकिडवं बसू नका, मांडी घालून जेवायला बसू नका. शौचाला प्लास्टिकची खुर्चीवाली व्यवस्था करा. बोटांची जखम भरायला महिने लागतात, आठवडे नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या सर्जनांनी १९९८ साली आपल्याच ११२ पेशंटचा प्रामाणिक हिशोब मांडला. ऑपरेशन बिनघोर, जखम भरली, त्रास गेला, पुन्हा काही करावं लागलं नाही आणि माणूस पूर्वीसारखा चालता, असा सगळा चांगला निकाल त्यांतल्या फक्त १६ जणांना मिळाला, आणि जखमा भरायला सरासरी चार महिने लागले. पाय बहुतेकांचे वाचले होते. पण वाट लांब होती. ही लांबी माहीत असलेलं घर मधेच धीर सोडत नाही.

ग्राफ्ट बंद पडण्याचेही ठरावीक काळ आहेत. पहिल्या महिन्यात बंद पडला तर कारण बहुधा ऑपरेशनशी निगडित असतं: जोड, शीर किंवा खालची वाट. एक महिना ते दोन वर्षं या काळात शिरेच्या आतलं अस्तर जाड होऊन एखाद्या ठिकाणी ती अरुंद होते. दोन वर्षांनंतर मूळ आजारच पुढे सरकलेला असतो. यातला मधला काळ आपल्या हातात आहे. शीर अरुंद होत असताना पेशंटला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, पण डॉप्लरवर ते स्पष्ट दिसतं. त्या वेळी एक छोटा बलून किंवा थोडी दुरुस्ती केली की ग्राफ्ट पुढे वर्षानुवर्षं चालतो. एकदा पूर्ण बंद पडलेली शीर पुन्हा नीट चालू करणं मात्र फार अवघड. आधी सांगितलेल्या ६१ आणि ८० टक्क्यांमधला फरक नेमका या तपासण्यांतून येतो.

म्हणून सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष आणि नंतर दरवर्षी, दुखो वा न दुखो, डॉप्लर करायचा. दर वेळी नागपूरलाच यायला हवं असं नाही. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामला किंवा सावंगीला डॉप्लर करून रिपोर्ट सर्जनला मोबाइलवर पाठवला तरी चालतं. फक्त 'ग्राफ्ट सर्व्हेलन्स' (ग्राफ्टची नियमित तपासणी) असं चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे बघणारा पूर्ण ग्राफ्ट बघेल. घरी रोज एक काम करा. डिस्चार्जच्या आधी सर्जनकडून ग्राफ्टची किंवा पावलाची नाडी कुठे लागते ते शिकून घ्या, तिथे पेनाने खूण करून घ्या, आणि घरातल्या कोणीतरी रोज बोट ठेवून बघा. गावच्या आशाताईंनाही दाखवून ठेवा. नाडी लागेनाशी झाली, पाय एकाएकी थंड, पांढरट पडला, कळा सुरू झाल्या, बोटं हलेनात, तर त्याच क्षणी निघा. अशा पायाला सहा तासांच्या आसपासच वेळ असतो. "सकाळच्या एसटीने जाऊ" म्हटलं तर पाय गेला. गाडी कोणाची घ्यायची हे आधीच ठरवून ठेवा.

दोन्ही पाय सांभाळा, फक्त ऑपरेशनचा नाही. दुखऱ्या, गार पायाला शेकायची आपली सवय या पेशंटमध्ये घातक आहे. गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, गरम पाण्यात पाय बुडवणं, हे सगळं बंद. बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही. भेगांना किंवा ठणक्याला बिब्बा लावतात, तो तर मुळीच नको. बिब्ब्याच्या तेलाने झालेल्या जखमेतून गँगरीन झालेले पाय आम्ही बघितले आहेत. उन्हाळ्यात अनवाणी अंगणातही उतरू नये, आपल्याकडे मे महिन्यात जमीनच तळवा भाजते. शेगावला पायी जायचा नवस असेल तर तो घरातल्या दुसऱ्याने फेडावा. उन्हाच्या दिवसांत पाणी भरपूर प्यायला हवं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होऊन ग्राफ्टमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्या मापातच.

आता पेरणी. रात्री पाय लटकवून बसणं आणि काळी बोटं, हे दोन्ही एकत्र म्हणजे पाय जाण्याच्या मार्गावर आहे. रक्तपुरवठा सुरू न केलेल्या अशा पेशंटपैकी पाचातल्या एकाहून अधिकांचा पाय एका वर्षात कापावा लागतो, आणि जवळपास तितकेच वर्षभरात दगावतात. शिवाय आज कोरडं असलेलं बोट पहिल्या पावसाच्या चिखलात ओलं झालं, त्यात पू झाला, तर आज जी बायपास दोन बोटांवर भागते ती उद्या अर्ध्या पंज्यावरही भागणार नाही. वावर यंदा बटईने द्या, शेजाऱ्याला सांगा, काहीही करा. वेळ आठवड्यांत मोजायचा आहे, महिन्यांत नाही.

पैशासाठी कर्ज काढण्याआधी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेच्या मान्यताप्राप्त रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. पायाच्या धमन्यांच्या बायपासचा या योजनेत समावेश आहे. तुमच्या रुग्णालयाला ही शस्त्रक्रिया मंजूर आहे का, एवढं विचारून घ्या. शिधापत्रिका, आधार, सीटीची सीडी (नुसता रिपोर्ट नको, सीडीच लागते), शुगर आणि क्रिएटिनिनचे ताजे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत न्या. आणि वाटेत कुठल्याही दवाखान्यात थांबलात तर दोन्ही पायांच्या शिरांना सलाईन किंवा सुई लावू देऊ नका, हाताला लावायला सांगा. पायाची शीर बायपाससाठी लागणार आहे.